घुबडासाठी उंदीर

कावळे ओरडत होते म्हणून मी परसात गेले. कावळे उगाच ओरडत नाहीत. कुठेतरी मेलेलं काही असतं, नाहीतर मरायला टेकलेलं. निंबाच्या झाडाखाली, धुण्याच्या दगडाला लागून एक पांढरं गाठोडं पडलं होतं आणि कावळे त्याच्याभोवती उड्या मारत होते. मला आधी वाटलं, कोणाचं तरी धुणं वाऱ्यानं उडून आलं. मग त्या धुण्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

घुबड होतं. मी काठी घेऊन कावळे हाकलले. मला जवळ आलेलं पाहून घुबडानं पंख पसरले. म्हणजे एक पसरला, दुसरा मातीत घासत राहिला. आणि साप फुसकारतो तसं ते माझ्यावर फुसकारलं.

संक्रांत होऊन गेली होती. पतंग संपतात, पण मांजा झाडांवर तसाच राहतो. निंबाच्या फांदीपासून घुबडाच्या पंखापर्यंत नायलॉनचा दोरा ताणलेला होता.

आमची वस्ती एकलहऱ्याला, पॉवर स्टेशनच्या अलीकडे. हे तिथंच कोळशाच्या यार्डात होते. ते गेल्यावर त्यांचे कपडे मी वाटून टाकले, पण चामड्याचे हातमोजे ठेवले होते, बंबात लाकूड सारायला बरे पडतात म्हणून. ते हातमोजे घातले, जुनं लुगडं घुबडावर टाकलं, फांदीकडचा दोरा विळ्यानं तोडला आणि उचललं. वजन काहीच नव्हतं. एवढं मोठं दिसणारं पाखरू हातात घेतल्यावर पावशेर कापसासारखं लागलं. नखं मात्र लुगड्यातून आरपार आली.

मागच्या खोलीत नेऊन ब्लेडनं उरलेला मांजा कापला. पंखाच्या सांध्यात तो रुतून बसला होता, कातडी फाटली होती, रक्त वाळलं होतं. हाड मोडलेलं नव्हतं. मी चाचपून पाहिलं. लग्नाआधी चांदवडकडे आमच्या घरी कोंबड्या असायच्या, त्यांचे मोडलेले पाय माझी आई बांधायची आणि धरायला मी असायचे. तेवढं मला येतं. तेलात हळद कालवून जखमेत भरली, लुगड्याची पट्टी फाडून पंख अंगाशी बांधला आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घातलं. घुबड सगळा वेळ चोच वाजवत होतं. चावायला मिळालं असतं तर चावलं असतं.

एवढ्यात शेजारणीनं भिंतीवरून डोकं काढलं. तिचा नवरा टेम्पो चालवतो. तिच्या घराची आणि माझी भिंत एकच, पण आमचं बोलणं नळाला पाणी आलं का एवढंच असायचं.

"मावशी, कावळे का ओरडू राहिले?"

"घुबड पडलंय."

"अगं आई! जिवंत?"

"जिवंत नसतं तर कावळे ओरडले नसते, खात बसले असते."

ती म्हणाली, वनखात्याला फोन करा. मला नंबर काही माहीत नव्हता. तिनंच शोधून लावून दिला. पलीकडचा माणूस चांगलं बोलला. म्हणाला, मांज्यानं कापलेली पाखरं या दिवसांत फार येतात, माणसं सगळी तिकडेच गुंतलीत, तुम्हाला आणता येईल का आजी, नाहीतर एक-दोन दिवसांत कोणाला तरी पाठवतो. मी म्हटलं, आणते.

आणलं नाही. नाशकात द्वारकेच्या चौकात बस बदलायची, मांडीवर खोक्यात घुबड फुसकारतंय, आणि शेजारचा विचारतोय आजी यात काय आहे. लोकांनी मला गाडीतून उतरवलं असतं. हे एक कारण. दुसरं असं, की घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं काही तरी आलं होतं आणि ते लगेच नेऊन द्यावं असं मला वाटलं नाही. मी परत फोन करायला लावून सांगितलं, माणूस पाठवू नका, बरं आहे पाखरू.

माझा मुलगा पुण्याला असतो. नोकरी चांगली आहे, सून चांगली आहे. रविवारी फोन येतो. तिकडे राहायला चल म्हणतात, मी जात नाही. चौथ्या मजल्यावर मला काही काम नसतं. इकडेही नसतं, पण इकडे जमिनीवर नसतं. वस्तीत माझ्याकडे कोणी येत नाही आणि त्याचं कारण माझं तोंड आहे, हे मला माहीत आहे. हे गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी बायका गळ्यात पडून रडायला लागल्या तेव्हा मी म्हटलं होतं, "पुरे, जेवण गार होतंय." ते अजून कोणी विसरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळीतल्या टोकाच्या घरातली सासू आली. बसली नाही. दारातूनच म्हणाली, "आक्का, घरात घुबड घेतलं म्हणे?"

"घेतलं."

"चांगलं नसतं गं ते. माझी सून दोन जिवाची हाय."

"सून तुझी, घुबड माझ्या घरात. मध्ये आठ घरं आहेत."

"तरी पण. आपलं काही वाईट झालं म्हंजे?"

मी म्हटलं, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, नवस सोडले, उपास सोडले. घुबडाला भ्यायचं तेवढं शिल्लक ठेवलंस का?"

ती तोंड वाकडं करून गेली. माझ्या लक्षात आलं, आणखी एक दार बंद झालं. पण बोललेलं परत घेता येत नाही.

खरी पंचाईत खाण्याची झाली. मी दुकानातून कोंबडीचं काळीज आणलं, स्वच्छ धुतलं, बारीक तुकडे केले, वाटीत ठेवले. घुबडानं वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. मी चोच उघडून एक तुकडा आत घातला. त्यानं मान झटकून तो भिंतीवर फेकला. त्या रात्री एक-दोन तुकडे त्यानं खाल्ले असावेत, पण सकाळी खाली नुसतं पाण्यासारखं शिटलेलं होतं आणि घुबड डोळे मिटून डालग्याला टेकलं होतं. फुसकारलं, पण कंटाळून फुसकारल्यासारखं. छातीचं हाड बोटाला लागायला लागलं होतं.

मी विचार केला, माझं चुकतंय कुठे. मी त्याला पाहुण्याला वाढावं तसं वाढत होते. निवडून, धुऊन, केस नाही, हाड नाही. चांदवडला आमच्या घरामागे बाजरीचं खळं होतं. तिथल्या मेढीवर, मधल्या खांबावर, तिन्हीसांजेला असंच एक पांढरं घुबड येऊन बसायचं. उंदीर धरायचं आणि डोक्याकडून अख्खा गिळायचं. शेपटी बराच वेळ चोचीबाहेर लोंबत राहायची. आम्ही पोरं ती शेपटी आत जाईपर्यंत बघत उभी राहायचो. म्हणजे याला केसासकट, हाडासकट पाहिजे. उंदीरच पाहिजे.

आता माझ्या घरात उंदीर नाहीत. एकट्या बाईच्या घरात उंदराला काय मिळणार? दोन डबे धान्याचे, तेही पत्र्याचे. पण ओळीतल्या इतरांकडे आहेत. पॉवर स्टेशनचे जुने क्वार्टर्स आमच्या मागे आहेत, त्यातले बरेच रिकामे पडलेत, गवत माजलंय. तिथून उंदीर आमच्या ओळीत येतात. लोक रात्री पिंजरा लावतात. सकाळी त्यात उंदीर असला की घरातलं कोणीतरी पिंजरा हातात लांब धरून क्वार्टर्सकडे जातं, गवतात उंदीर सोडतं आणि परत येतं. मारत कोणी नाही. आमच्यात रोज वंदना होते, त्यात पहिलं शीलच जीव न मारण्याचं. मग तोच उंदीर रात्री परत घरी येतो आणि सकाळी परत त्याला तिकडे नेतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

सकाळी मी शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले. मी तिच्या दारात कधी गेले होते ते मला आठवत नव्हतं.

"उंदीर आहे का?"

"काय?"

"रात्री पिंजऱ्यात उंदीर पडला का? असला तर मला दे."

तिनं आत वळून नवऱ्याकडे बघितलं. नवरा दाढी करत होता. म्हणाला, "दे ना. लोकं साखर मागत्यात, मावशी उंदीर मागू राहिल्या."

त्यांच्याकडे होता. मी पिंजरा घेऊन घरी आले. उंदीर घुबडाच्या पुढ्यात कसा सोडला ते सांगत बसत नाही. तो डालग्याखाली गेला आणि घुबडानं एक पाय पुढे केला. एवढंच. शेपटी तशीच लोंबत राहिली, जशी मेढीवर दिसायची. मी दारात बसून ती आत जाईपर्यंत बघितलं.

एका उंदरानं भागणारं नव्हतं. मी दारोदार फिरायला लागले. आमच्या समोर एक निवृत्त गुरुजी राहतात. विहारात वंदना तेच घेतात. यांच्याबरोबर त्यांचं उठणंबसणं होतं म्हणून मला वहिनी म्हणतात. त्यांच्याकडे गेले तर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, पहिलं शील काय आहे?"

"मला पाठ आहे, गुरुजी."

"मग? उंदीर मारायला मागता?"

"मी मारत नाही. ते मारतं."

"तुम्ही देता म्हणून मारतं. हे कारण झालं का?"

मी म्हटलं, "तुम्ही रोज उंदीर नेऊन क्वार्टर्समध्ये सोडता. तिथं याचे सगळे भाऊबंद राहतात. ते काय उंदरांना ओवाळतात? तुम्ही त्यांना जेवण पोचवताच आहात. मी फक्त म्हणतेय, एक डबा इकडे द्या. याचा पंख कापलाय, त्याला तिकडे जाता येत नाही."

गुरुजींच्या बायकोनं आतून हसू दाबल्याचा आवाज आला. गुरुजी म्हणाले, "हा युक्तिवाद बरोबर नाही." मी म्हटलं, नसेल, मी चौथीपर्यंतच शिकलेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. गुरुजी उभे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते हलत होतं. म्हणाले, "हा मी तुमच्याकडे सोडतोय. पुढं काय होतं ते मला सांगू नका." मग जरा थांबून म्हणाले, "पण ते पाखरू बघता येईल का?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. घुबडानं मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजी बराच वेळ वाकून उभे राहिले. म्हणाले, "तोंड बघा वहिनी, पिंपळाच्या पानासारखं आहे अगदी." खरोखर तसंच होतं. वर रुंद, खाली निमुळतं, मध्ये शिरेसारखी चोच.

शेजारीण दारातून बघत होती. ती म्हणाली, "मग गुरुजी, विहारात बसवा त्याला. बोधीचं पान म्हणून." गुरुजी रागावले नाहीत. मला वाटतं त्या घरात, माझ्या घरात, मी धरून तीन माणसं एकाच वेळी हसली असं फार वर्षांनी झालं. मी चहा टाकला.

मग ते रोजचं झालं. सकाळी नळ गेला की कोणी ना कोणी पिंजरा घेऊन यायचं. ज्यांची मला नावंसुद्धा माहीत नव्हती अशा नवीन सुनाही यायच्या. पिंजरा ओट्यावर ठेवायचा, घुबड बघायचं, नाकाला पदर लावायचा, कारण खोलीत वास भयंकर मारायचा, आणि मग जरा बसायचं. गोष्टी निघायच्या. कोणाच्या नवऱ्याला शिफ्ट कोणती, कोणाच्या जावेनं काय केलं. मला त्यात बोलायला काही नसायचं. पण मी कप धुवून ठेवायला लागले, कारण माझ्याकडे कप दोनच होते आणि ते आता पुरत नव्हते. टोकाची सासू मात्र आली नाही. तिनं एकदा सुनेकडून पिंजरा पाठवला आणि वर निरोप दिला, की सुनेला आत बोलावू नका, बाहेरच घ्या. मी बाहेरच घेतला. यावेळी काही बोलले नाही.

घुबड सकाळी एक काळा गोळा ओकायचं. पहिल्यांदा मी घाबरले, वाटलं आतडं बाहेर आलं. काडीनं फोडून पाहिला तर केस, आणि केसात बारीक हाडं, एक अख्खी कवटी, दातांसकट. पचलेलं ठेवायचं, न पचलेलं बाहेर टाकायचं. चांगली सोय आहे.

रविवारी मुलाचा फोन आला. मी बोलत असताना घुबड मागून फुसकारलं.

"आई, कुकर लागलाय का?"

"हो."

"मग बंद कर ना, केवढी शिट्टी होतेय."

"होईल बंद. तू बोल."

त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आई, हे काय नवीन, हात धू, डॉक्टरकडे जा. काळजीनंच म्हणाला असता. मला काळजी नको होती.

जखम भरली. खपली धरली, पडली. मी पट्टी सोडली. पहिले काही दिवस तो पंख खालीच लोंबायचा. मग एक दिवस सकाळी पाहते तर घुबड डालग्यावर बसलेलं, दुसऱ्या दिवशी ट्रंकेवर. मग मांडणीवर. मांडणीवरची दोन पातेली आणि एक तांब्या खाली आला. ते या भिंतीवरून त्या भिंतीवर जायचं आणि पंखांचा आवाज अजिबात यायचा नाही. नुसता वारा लागायचा कपाळाला.

शेजारीण म्हणाली, "मावशी, उडू राहिलं की हो."

"कुठलं. अजून पंख धड नाही."

"मांडणीवर चढलं ना?"

"चढलं म्हणजे उडलं नाही. कोंबडीपण चढते."

मला माहीत होतं की पंख धड आहे. मी गुरुजींनापण तेच सांगितलं, अजून थोडं थांबायला पाहिजे. ते म्हणाले, तुम्हाला जास्त कळतं. सकाळी चार माणसं दारात येत होती आणि ती घुबडासाठी येत होती. घुबड गेलं की ती यायची थांबतील, हे समजायला फार डोकं लागत नाही. मी रोज ठरवायचे, उद्या दार उघडू. उद्या झाली की पिंजरे यायचे.

मग एक दिवस दुपारी एक माणूस आला. ओळीतला नव्हता. पांढरा शर्ट, कपाळाला काळं काहीतरी लावलेलं. आवाज फार गोड.

"माई, तुमच्याकडं घुबड हाय म्हणे. पांढरं."

"कोण म्हणालं?"

"अहो लोक बोलत्यात. आम्हाला पाहिजे होतं. अमावास्येला काम हाय एक. तुम्ही म्हणाल ते देऊ."

"मेलं ते," मी म्हटलं.

"कधी?"

"परवा. पुरलं."

तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. त्याच वेळी मागच्या खोलीच्या दारात घुबड आलं. जमिनीवरून चालत आलं, म्हाताऱ्या माणसासारखं फेंगडं. दारात माणूस उभा आहे म्हणजे उंदीर आला असं त्याला वाटलं असणार. मी पटकन बाहेर होऊन पुढचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "निघ. नाहीतर सगळ्या ओळीला हाक मारते." तो हसला आणि गेला. त्यानं पाहिलं की नाही मला आजही माहीत नाही.

आत आले. घुबड तिथंच उभं होतं. मी जवळ गेले. ते फुसकारलं नाही. चोच वाजवली नाही. मान वर करून माझ्या हाताकडे बघत राहिलं. हातात पिंजरा आहे का ते बघत होतं.

तेव्हा मला कळलं की किती दिवस झाले, ते माझ्यावर फुसकारलंच नव्हतं. मला वाटत होतं ते निवांत झालंय. ते निवांत झालं नव्हतं, बिघडलं होतं. माणूस दिसला की पळायचं, हे ते विसरलं होतं. असं घुबड बाहेर एक दिवस टिकत नाही. गोड आवाजाच्या माणसानं हात पुढे केला असता तर हातावर जाऊन बसलं असतं, आणि अमावास्येला त्याची मान मुरगळली गेली असती. पंख मी बरा केला होता आणि बाकीचं मोडून ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, मी परसातलं दार उघडलं.

ते उंबऱ्यावर बसलं. बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवर गेलं, तिथून निंबावर, आणि अंधारात दिसेनासं झालं. मी दार लावून घेतलं. वाटलं, झालं, सुटलं.

सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते धुण्याच्या दगडावर येऊन बसलं. कर्कश ओरडत होतं, पिल्लू मागतं तसं. घरात ओट्यावर दोन पिंजरे होते, सकाळी आलेले. मी लोकांना अजून सांगितलं नव्हतं. दोन्हीत उंदीर होते. एक पिंजरा बाहेर नेऊन उघडला असता तर काम झालं असतं. ते रोज आलं असतं, मी रोज उघडला असता, लोकांनी रोज आणला असता. सगळ्यांची सोय झाली असती.

मी पिंजऱ्याला हात लावला नाही. ताट आणि उलथनं घेऊन बाहेर गेले आणि ताट बडवायला लागले. ते हललं नाही. उलट दोन पावलं माझ्याकडे आलं. मी तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर फेकलं. ते झटकून तिथंच बसलं. शेजारीण भिंतीवरून ओरडली, "अहो मावशी, काय करू राहिल्या? आपलं पाखरू ना ते!"

"आपलं नाही!" मी म्हटलं. "तू आत जा."

मी खराटा उचलला आणि त्याच्याजवळ जाऊन दगडावर जोरात आपटला. एक काडी त्याला लागली असावी. त्यानं दोन्ही पंख पसरले, पुरते पसरले, आणि माझ्यावर फुसकारलं. मी परत आपटला. ते उडालं आणि क्वार्टर्सच्या दिशेनं गेलं. मी खराटा भिंतीला टेकवला आणि दगडावर बसले. वय झालंय, खराटा जड होता.

त्यानंतरही ते आलं, पण भिंतीच्या आत उतरलं नाही. बाहेरच्या खांबावर बसायचं. मी दार उघडलं की ताट वाजवायचे. तेही मग यायचं थांबलं.

त्या दिवसांत सकाळी पिंजरा घेऊन जो आला त्याला मी दारातच सांगितलं, आता आणू नका. शेजारीण पिंजरा हातात घेऊन उभी राहिली.

"मग ह्याचं काय करू?"

"आधी नेत होतीस तिकडे ने."

"बरं." ती वळली.

"चहा घेतेस का?" मी म्हटलं.

"नको मावशी, ह्यांचा डबा व्हायचाय. परत कधी." आणि ती पिंजरा लांब धरून क्वार्टर्सकडे गेली. तिची काही चूक नाही. डबा व्हायचाच होता. पूर्वी ती पिंजरा ठेवायच्या निमित्तानं बसायची. बसायला काही निमित्त लागतं. नुसतं कोणी कोणाकडे येऊन बसत नाही, मी तरी कधी गेले होते?

गुरुजी एकदा समोरून म्हणाले, "वहिनी, गेलं का?" मी म्हटलं, गेलं. "छान झालं," ते म्हणाले. "मैत्री भावना म्हणतात ती हीच." त्यांना खराटा माहीत नव्हता.

मागची खोली फिनेल टाकून धुतली. भिंतीवर पांढरे ओघळ वाळले होते, ते सुरीनं खरवडले. जास्तीचे आणलेले कप धुवून, पुसून, कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. सकाळी नळ येतो, जातो. मग दुपारपर्यंत घरात आवाज होतो तो माझ्याच भांड्यांचा.

परवा संध्याकाळी मेथी आणायला गेले होते. येताना क्वार्टर्सच्या बाजूच्या रस्त्यानं आले, हल्ली तिकडूनच येते. उजेड थोडा होता. पडक्या खिडकीतून एक पांढरं पाखरू बाहेर पडलं, गवतावरून खालून खालून गेलं, एकदम पाय खाली सोडून पडलं, आणि उठलं तेव्हा त्याच्या पायात काहीतरी होतं. मग ते परत त्याच खिडकीत शिरलं. आवाज काहीच नाही.

ते माझंच होतं असं मी म्हणणार नाही. तिथं तसली पुष्कळ आहेत, आणि सगळी सारखीच दिसतात. पण त्याला ते कोणी आणून दिलेलं नव्हतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

बघितलं का, असं म्हणायला मी मागं वळले. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी मेथीची जुडी दुसऱ्या हातात घेतली आणि घराकडे चालू लागले.